काच फाटली म्हणून छप्पर कशाला फेकायचे?

मोटारीची काच फुटते, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. पण मोटारीची काच फाटली असे कोणी सांगितले तर ऐकणारा हसेल. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुण्याच्या भाच्याने भर लग्नघरात येऊन हेच सांगितले तेव्हा मीही हसलो होतो. त्या फाटलेल्या काचेने पुढे माझ्या दुकानाचाच हिशेब मला विचारला. तो हिशेब व्यापारी बांधवांपुढे मांडावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

भाच्याने जुनी विलायती गाडी विकत घेतली होती. दोनच सीटा, कापडी छप्पर, बटण दाबले की छप्पर घडी होऊन मागे बसणार. गाडीचे व कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण त्याची गरज नाही. अशा गाडीच्या छपराला मागे जी खिडकी असते ती पुष्कळ जुन्या मॉडेलांत खऱ्या काचेची नसते. ती पारदर्शक प्लॅस्टिकची असते, कापडात शिवलेली. कारण उघड आहे. काचेची घडी होत नाही, प्लॅस्टिकची होते. १९८९ साली बाजारात आलेल्या जपानी माझदा एमएक्स-५ या प्रसिद्ध गाडीची मागची खिडकी प्लॅस्टिकचीच होती, आणि छप्पर पाडण्यापूर्वी तिची चेन उघडून ती सपाट ठेवावी लागे. याच गाडीच्या १९९८ च्या दुसऱ्या पिढीत खरी काच आली. जर्मनीच्या पोर्शे बॉक्स्टरला १९९६ पासून प्लॅस्टिकची खिडकी होती. तिच्यातही पुढे २००३ च्या मॉडेलपासून काच बसली.

यवतमाळचा मे महिना कसा असतो ते येथील माणसास सांगायला नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. गाडी दोन दिवस उघड्या उन्हात मंडपाबाहेर उभी होती. आधीच पिवळी पडून कडक झालेली पन्नी, त्यात मुलांच्या आग्रहाने छप्पर तीन-चार वेळा उघडले व मिटले. शेवटच्या वेळी घडीवर ती उभी चिरली.

आमच्या शहरात गाड्यांची कुशन व हूड शिवणारे एक उस्ताद आहेत. वडिलांपासून हाच धंदा. जीपचे हूड, ऑटोचे पडदे, ट्रकच्या केबिनच्या गाद्या, सर्व काही. त्यांनी रात्रीतून जुनी पन्नी उसवली, नवी शिवली आणि सकाळी गाडी दारात उभी केली. मजुरी घेतली दीड हजार. पन्नी व दोरा माझ्याच दुकानातून गेला होता. भाचा खूश होऊन पुण्यास परतला.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. पन्नी धुरकट झाली होती, मागून येणारी गाडी दिसत नव्हती, आणि शिवण एका कोपऱ्यात उघडून पावसाचे पाणी सीटवर पडत होते. तो मोठ्या शहरातील कारखान्यात गेला. तेथे त्यास सांगण्यात आले की खिडकी वेगळी मिळत नाही, सबंध छप्पर बदलावे लागेल. आकडा लाखांत होता. भाचा म्हणाला, "मामू, तुमच्या उस्तादाने गाडी बिघडवली."

मी रागातच उस्तादांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले. मग फळीवरून माझ्याच दुकानातून घेतलेल्या पन्नीचा उरलेला तुकडा आणि दोऱ्याची अर्धी रीळ काढून माझ्यापुढे ठेवली व म्हणाले, "सेठ, शिलाई माझी आहे, पण माल तुमचा आहे. मी विचारले होते, उन्हात टिकेल ना? तुम्ही म्हणाला होता, चालते."

त्यांचे म्हणणे खरे होते. मी तसे म्हणालो होतो. ती पन्नी जेवणाच्या टेबलावर अंथरायची होती आणि दोरा सुती होता. तीस वर्षे कापडाच्या धंद्यात असून मला हे समजत नव्हते असे नाही. गिऱ्हाईक दारात उभे होते, दुसरा माल मागवण्यास चार दिवस लागले असते, म्हणून "चालते" हा शब्द तोंडातून गेला. आपल्या बाजारात या एका शब्दावर किती माल विकला जातो, याचा प्रत्येकाने विचार करावा.

आता मूळ विषयाकडे येऊ. ही खिडकी बदलणे म्हणजे काय काम आहे, हे समजून घेतले पाहिजे, म्हणजे कोण खरे बोलतो व कोण नाही हे गिऱ्हाइकास कळेल.

पारदर्शक मऊ पन्नी ही पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक वस्तू आहे. तिला मऊ करण्यासाठी तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. उन्हाने व उष्णतेने हे द्रव्य हळूहळू निघून जाते, पन्नी कडक होते, पिवळी पडते आणि शेवटी घडीवर तडकते. हूडसाठी जी पन्नी बनते तिच्यात उन्हाचा मारा सोसणारे घटक असतात आणि ती साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाड असते. टेबलावरची पन्नी पातळ असते व घराच्या सावलीसाठी बनलेली असते. दोन्ही नवी असताना सारखीच चकचकीत दिसतात. फसवणूक येथेच होते.

दोऱ्याचेही तसेच आहे. सुती दोरा भिजला की फुगतो व सुईचे छिद्र बुजवतो, म्हणून जुने कारागीर त्यास चांगला मानत. पण ऊन-पावसात तो कुजतो. छपरासाठी उन्हात टिकणारा जाड पॉलिस्टर दोराच हवा. टाकाही फार बारीक चालत नाही. बारीक टाका म्हणजे जवळजवळ छिद्रे. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेप्रमाणे पन्नी त्याच रेषेत फाटते. चार-पाच मिलिमीटरचा टाका घालावा आणि शिवणीवर आतून पाणी अडवणारी पट्टी चिकटवावी.

छपराचे कापडही साधे नसते. उत्तम प्रतीच्या छपरात तीन थर असतात: बाहेर ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टरचे विणलेले कापड, मध्ये रबर, आत अस्तर. हे कापड पन्नीपेक्षा पुष्कळ अधिक वर्षे टिकते. म्हणून कापड धड असता केवळ पन्नी गेली म्हणून सबंध छप्पर फेकणे म्हणजे बटण तुटले म्हणून शेरवानी फेकण्यासारखे आहे.

दुसऱ्या वेळी उस्तादांनी काम कसे केले तेही सांगतो. मी मुंबईहून हूडची जाड पन्नी व पॉलिस्टर दोरा मागवला. दिवाळीच्या सुटीत भाच्याने गाडी आणली. उस्तादांनी जुनी खिडकी उसवण्यापूर्वी छपराच्या मध्यावर व चारही बाजूंस खडूने खुणा केल्या. निघालेली पन्नी फेकली नाही, तिचाच फर्मा करून नवी कापली. मध्यापासून दोन्ही बाजूंस शिवत गेले, म्हणजे ताण सारखा राहतो आणि सुरकुती पडत नाही. काम पूर्ण झाल्यावर छप्पर ताणून लावून रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी पाण्याची नळी सोडून पाहिले. सबंध दोन दिवस लागले. या वेळी मजुरी अडीच हजार. मालाचे पैसे मी घेतले नाहीत, कारण पहिल्या वेळचे मीच देणे लागत होतो. त्यानंतर एक पूर्ण उन्हाळा व एक पावसाळा गेला आहे. पन्नी स्वच्छ आहे व शिवण कोरडी आहे.

येथे काही वाचक म्हणतील की यवतमाळ जिल्ह्यात अशा विलायती गाड्या किती? बोटावर मोजण्याइतक्या. पण कापडी छपराची गाडी आपल्याकडे नवी नाही. १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेल्या आणि १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झालेल्या कंपनीने १९४७ पासून विलिस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून कापडी हूड आणि प्लॅस्टिकची खिडकी खेड्यापाड्यांत आहे. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड या रस्त्यांवर काळी-पिवळी जीपच्या मागच्या पडद्यात जी पन्नी शिवलेली असे, तिच्यात आणि भाच्याच्या गाडीच्या खिडकीत कारागिरीचा फरक नाही. डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीलाही कापडी हूडचे मॉडेल होते. पांढरकवड्याकडे टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहण्यास येणारे पर्यटक उघड्या गाड्यांतूनच फिरतात. २०२० च्या २ ऑक्टोबरला नव्या रूपात आलेल्या थार गाडीलाही कापडी छपराचा पर्याय होता. सारांश, हे काम श्रीमंतांच्या चैनीचे नाही. या जिल्ह्यातील कित्येक कुशनवाल्यांच्या चुलीचा हा प्रश्न आहे.

कायदाही या कारागिराच्या विरुद्ध नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०० सर्व गाड्यांस सुरक्षा काच सक्तीची करतो. पण त्यातच सवलत आहे की तीनचाकी आणि हूड व बाजूचे पडदे असलेल्या वाहनांच्या खिडक्या ॲक्रिलिक किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या असू शकतात. मागच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हेही त्याच नियमात आहे. म्हणून शोभेसाठी काळी पन्नी शिवून घेणाऱ्यांनी सावध असावे. काळ्या फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काय निकाल दिला तो सर्वांस ठाऊक आहे.

मात्र एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर कारागिराची बाजू घेताना मी गिऱ्हाइकाचे नुकसान करीन. शिवलेली मागची खिडकी हे कुशनवाल्याचे काम आहे. समोरची काच व दरवाज्याची काच हे त्याचे काम नाही.

समोरची काच दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा दाबून केलेली असते. ती तडकते पण अंगावर पडत नाही. फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तुस या रसायनतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी, प्रयोगशाळेत पडलेली काचेची कुपी फुटूनही विखुरली नाही हे पाहून ही युक्ती शोधली व १९०९ मध्ये तिचे पेटंट घेतले. उघड्या गाडीत तर समोरच्या काचेच्या चौकटीचे महत्त्व अधिक, कारण गाडी उलटली तर डोक्यावर पोलादी छप्पर नसते. ती काच योग्य गोंदाने चिकटवावी लागते आणि गोंद पक्का होईपर्यंत गाडी चालवू नये.

दरवाज्याची काच तापवून एकदम थंड केलेली असते. ती फुटली की बोथट बारीक खडे होतात. अशी काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही, घासून लहान करता येत नाही; हात लावला की चुरा होतो. म्हणून "आणा, कापून बसवतो" असे कोणी म्हटले तर समजावे की तो घराच्या खिडकीची साधी काच बसवणार आहे. तिचे तुकडे सुरीसारखे असतात. उघड्या गाडीच्या दरवाज्यास वर चौकट नसते, त्यामुळे काच किती वर जावी व किती आत झुकावी हे पेचांनी जुळवावे लागते. ते बरोबर जुळले नाही तर वारा शिट्टी वाजवतो आणि पाणी आत येते. काच फुटल्यावर दरवाज्याच्या पोटात पडलेले खडेही आधी काढले पाहिजेत, नाहीतर नव्या काचेवर ओरखडे येतात. नवी काच घेताना तिच्या कोपऱ्यात भारतीय मानकाची खूण आहे का ते पाहावे. पुण्याजवळ चाकण व भोसरी येथे आणि रायगडात तळोजा येथे काचेचे मोठे कारखाने आहेत. महाराष्ट्रात चांगल्या काचेचा दुष्काळ नाही.

आता कंपन्यांविषयी. सुटा भाग न विकता सबंध जोडच विकायचा, ही पद्धत गिऱ्हाइकास महाग व कारागिरास मारक आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांस मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांस मिळू देत नाहीत, हा त्यातील मुख्य ठपका होता. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने सांगितले. पुढे अपिले झाली, ते वेगळे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, व तिच्या चार क्षेत्रांत मोटारी व शेतीची अवजारे दोन्ही आहेत. हूडच्या खिडकीची पन्नी योग्य मापात कापलेली, सुटी विकण्यास कंपनीला काय अडचण आहे? सुरक्षेचा प्रश्न असेल तर कारागिरास पद्धत शिकवावी. त्याच्या हातातील काम काढून घेणे हा त्यावर उपाय नव्हे.

विम्याचेही गणित जाणून घ्यावे. नेहमीच्या मोटार पॉलिसीत काचेच्या भागावर घसारा शून्य असतो, पण प्लॅस्टिक, रबर व नायलॉनच्या भागांवर ५० टक्के. म्हणजे खरी काच फुटली तर तिची पूर्ण किंमत धरली जाते. शिवलेली पन्नी फाटली तर निम्मी. शिवाय दावा केला की पुढच्या वर्षीची नो-क्लेम सवलत जाते, आणि ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असून वाढत ५० पर्यंत जाते. दोन-तीन हजारांच्या कामासाठी विम्याकडे न जाणेच बहुधा फायद्याचे ठरते. ज्यास दावा करायचा आहे त्याने आधी कळवावे, पाहणी होऊ द्यावी आणि पावती घ्यावी.

पावतीवर आमचे कारागीर बंधू मागे पडतात. उस्तादांकडे छापील पावती नव्हती. मी विचारले तेव्हा म्हणाले, "जीएसटी कुठून आणू?" त्यांस सांगितले की सेवा देणाऱ्यास वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण साधी पावती देण्यास कोणी मनाई केलेली नाही. तिच्यावर तारीख, गाडीचा क्रमांक, कोणती पन्नी, कोणता दोरा, किती मजुरी आणि किती महिन्यांची हमी एवढे लिहिले तरी गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. आता ते पावती देतात. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, चर्मकार आहे, पण गाडीचे कुशन व हूड शिवणारा स्वतंत्रपणे नाही. त्याची गणना व्हावी, ही मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी लावून धरली पाहिजे. आयटीआयमधूनही हे काम शिकवता येईल.

गाडीवाल्यांसाठी चार गोष्टी. धुळीची पन्नी कोरडी पुसू नका, आधी पाणी ओता. पेट्रोल, थिनर किंवा घरातील काच पुसण्याचे औषध लावू नका. छप्पर मिटताना घडीत मऊ कापड ठेवा. हिवाळ्याच्या सकाळी पन्नी थंड व कडक असताना छप्पर पाडू नका, थोडे ऊन लागू द्या. आणि यवतमाळच्या मे महिन्यात गाडी सावलीत लावा. याहून स्वस्त इलाज नाही.

शेवटी आम्हा दुकानदारांविषयी. कारागिराचे नाव खराब होते तेव्हा त्याच्या हाताइतकाच आपला मालही तपासला पाहिजे. मी आता दुकानात दोन्ही पन्न्यांचे ताके वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवतो आणि टेबलाच्या पन्नीवर "गाडीसाठी नाही" अशी चिठ्ठी लावली आहे. उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्या हाताने मराठीत लिहिलेली ती चिठ्ठी सुबक नाही, पण खरी आहे. तिच्यामुळे काही गिऱ्हाईक परत जाते. जाऊ द्या. भाचा मला मामू म्हणतो, म्हणून त्याने माफ केले. उस्तादांचा मात्र तीन महिने एका घरात बदलौकिक झाला. मी स्वतः भाच्यास फोन करून चूक माझी होती असे सांगितले, तेव्हाच तो मिटला. ते सांगण्यास मला तीन महिने लागले, हीच या व्यवहारातील माझी खरी तूट आहे.